शांत आवाजाची आई

दवाखान्यात लस टोचताच दीड वर्षांची शर्वी "आई" म्हणून रडली आणि हेमांगीच्या मांडीवरून घसरून पिशवीतल्या कापडी अस्वलाकडे झेपावली. अस्वल हेमांगीच्याच आवाजात म्हणालं, "झालं हं पिल्लू, झालं." शर्वी लगेच शांत झाली.

बाळंतपणाची रजा संपताना, आपल्यामागे शर्वीला रमवायला हेमांगीने ते बोलणारं अस्वल घेतलं होतं. तिचं बोलणं ऐकून ते तिच्यासारखं बोलायला शिकलं. फक्त ते कधी थकत नसे, कधी ओरडत नसे.

घरी येताच तिने अस्वलाच्या कंपनीला फोन लावला. "माझी मुलगी अस्वलाला आई समजते."

"म्हणजे बाळाची अस्वलाशी जुळणी पूर्ण झाली, मॅडम," पलीकडची मुलगी आनंदाने म्हणाली. "आता एक सूचना. तुम्ही चढ्या आवाजात बोलता, त्याने बाळ गोंधळतं. शक्यतो तिच्यासमोर कमी बोला."

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्याच लेकीशी मी कमी बोलू? तो आवाज माझा आहे. तो काढून टाका त्यातून."

"तो आता कंपनीचा आहे, मॅडम. तुम्ही करारावर सही केली आहे."

हेमांगीने फोन ठेवला आणि अस्वलाची शिवण उसवून बॅटरी काढली. शर्वीने आकांत मांडला. हेमांगी समजावू लागली, तशी ती तिला ढकलू लागली. घसा बसला तरी हेमांगी बोलतच राहिली. अखेर शर्वी दमली आणि एखाद्या अनोळखी बाईचं बोलणं ऐकावं, तशी तिच्या तोंडाकडे बघत ऐकू लागली.