काळा की पांढरा?

दोन नवे गेम कन्सोल बाजारात यायला अजून महिना होता. एक काळा, एक पांढरा. पण कोणता सरस, यावरून दोन जिवलग मित्रांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली, तेव्हा निवाड्यासाठी ते दुरुस्तीवाल्याच्या दुकानात शिरले. "काका, तुम्ही रोज असलीच यंत्रं उघडता. तुम्हीच सांगा."

दुरुस्तीवाल्याने त्यांच्या फोनवरचे दोन्ही कन्सोलचे फोटो मोठे करून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "दोघंही डोळे मिटून काळा घ्या."

एक छाती फुगवून गेला, दुसरा तोंड पाडून.

काउंटरवरून बायकोने विचारलं, "इतका चांगला आहे काळा?"

"हवेची जाळी वरच्या बाजूला आहे त्याची. सगळी धूळ थेट पोटात! सहा महिन्यांत दोघंही इथे हजर."

"आणि पांढरा?"

"त्याला काय धाड भरतेय? दहा वर्षं हूं की चूं करणार नाही."

बायको कपाळाला हात लावणार, तेवढ्यात तिला आठवलं. "पण सकाळी माझ्या भावाने फोनवर विचारलं, त्याला तर पांढराच घ्यायला सांगितलंत!" तिचा आवाज एकदम मऊ झाला. "वरवर कितीही कुरकुर करा, मेव्हण्यावर जीव आहे हो तुमचा."

"जीव कसला डोंबलाचा!" दुरुस्तीवाला समोर उघडलेल्या यंत्राच्या पंख्यातली धूळ फुंकत म्हणाला. "त्याच्याकडून दुरुस्तीचे पैसे घेऊ देतेस का तू मला?"