हजर सहा

"सहा जणांना आईवडील नाहीत," बाइंडर म्हणाला.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. स्वमग्न माणसांसाठी चालणाऱ्या या संस्थेचे ते अकरा वर्षं अध्यक्ष होते, आणि त्यांनी कधी आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "अरे, मग घरी नाही, दुसरीकडे कुठेतरी त्यांची सोय करू. पण वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगचा विभाग बंद करून त्या दोन खोल्या मोकळ्या झाल्या, की लहान मुलांचं तपासणी केंद्र उभं राहतं. दीडशे मुलं नंबर लावून बसलीयेत, दीडशे!"

"बाइंडिंगला चौदा जण आहेत. मला धरून. कुठेतरी म्हणजे कुठे?"

अध्यक्षांनी ठरावाचा कागद पुढे सरकवला. बाइंडरने उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. "माझा विरोध आहे."

टेबलाभोवती बाइंडरला धरून सात विश्वस्त होते. एकमेकांशी सगळे अहो-जाहो बोलत. फक्त अडतीस वर्षांच्या बाइंडरला, त्याच्या कानशिलावरचे केस पिकायला लागले तरी, अरे-तुरे. तो एकटाच स्वतः स्वमग्न होता. आणि चालू विभाग बंद करायचा तर हजर असलेल्या सगळ्या विश्वस्तांचं एकमत लागतं, असं संस्थेच्या घटनेत लिहिलेलं होतं.

बाइंडरचा अंगठा तर्जनीवर टकटक करू लागला. अध्यक्षांनी सचिवबाईंकडे पाहिलं.

ती नजर बाईंना पाठ होती. दोन वर्षांतली ही चौथी वेळ. त्यांनी पेनाला टोपण घातलं आणि उठल्या. "चल रे. जरा शांत खोलीत बसू."

"मी शांत आहे, बाई."

"जा रे बाळा, दहा मिनिटं," डॉक्टरीणबाई मायेने म्हणाल्या. "आम्ही काय पळून चाललोय?"

"तुम्ही पळत नाही. ठराव करता."

कारखानदार विश्वस्त खो खो हसले. "घ्या! याला कोण फसवणार?" बाकीचेही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या दार उघडून उभ्या राहिल्या, आणि बाइंडर उठला. शाळेत त्यांनी त्याला सात वर्षं शिकवलं होतं. बाई दारात उभ्या राहिल्या की तो उठायचाच.

शांत खोलीत करडा गालिचा होता, कोपऱ्यात पिवळा दिवा, खिडकीला जाड पडदा. सगळं बाईंनी निवडलेलं. दारावरची पाटीही त्यांच्याच अक्षरात: 'आत आल्यावर वाळूचं घड्याळ उलटं करा. वाळू संपेपर्यंत कुणी कुणाला उठवणार नाही.' नियम बाहेरच्यांसाठी होता. बाइंडर तो स्वतःलाही लावायचा. वाळू संपेपर्यंत जागचा हलायचा नाही. हे बाईंना ठाऊक होतं. आणि बाईंना ठाऊक आहे, हे अध्यक्षांना.

त्याने घड्याळ उलटं केलं. बाईंनी दार लोटून घेतलं.

"हं, आटपा," अध्यक्ष म्हणाले. "हजर किती?"

"सहा."

पाच हात वर गेले. बाईंनी डावा हात वर केला. उजव्यात पेन होतं.

"त्याच्यासारख्यांसाठीच तर करतोय हो सगळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणी विचारलं नव्हतं तरी.

बाईंनी लिहिलं, 'हजर सहा. ठराव एकमताने मंजूर.' नोंदवही सह्यांसाठी फिरली. पाच सह्या होऊन ती बाईंपुढे आली, तोवर दार उघडलं. बरोबर दहा मिनिटं झाली होती.

बाइंडर आपल्या जागी बसला नाही. तो बाईंच्या खुर्चीमागे आला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. पानं तपासताना तो असंच वाचायचा.

"हजर सहा," तो म्हणाला. "मी आलो होतो. दोन वाजून पाच मिनिटांनी. वर माझी सही आहे."

"ठरावाच्या वेळचे हजर लिहितात रे ते," अध्यक्ष म्हणाले.

"ठरावाच्या वेळी मी कुठे होतो?"

"शांत खोलीत."

"का?"

"तुला त्रास होत होता ना, बाळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त्रास होत नव्हता. विरोध होता."

अध्यक्षांनी चष्मा पुसायला घेतला. पुसलेलाच होता. "बाई, तुमची सही राहिलीये," ते म्हणाले.

बाईंनी पेन उचललं. निबाचं टोक कागदाला लागेना. बाइंडर वाकून त्यांच्या हाताकडे पाहत राहिला.

"बाई, तुमचा हात थरथरतोय."

"काही नाही रे."

"त्रास होतो तेव्हा असंच होतं. चला."

त्याने दार उघडून धरलं. बाई उठल्या. नोंदवही हातातच राहिल्याचं त्यांना शांत खोलीतल्या खुर्चीत बसल्यावर कळलं. सहीची जागा कोरी होती, पेनाचं टोपण उघडं होतं. बाइंडरने दिवा लावला, पडदा ओढला, घड्याळ उलटं केलं.

"सावकाश बसा," तो म्हणाला. "तुम्ही बाहेर येईपर्यंत मी त्यांना काही ठरवू देणार नाही."

आणि दार आवाज न करता लोटून, त्याला पाठ लावून, तो पहाऱ्याला उभा राहिला.