भक्कम

जुन्या फर्निचरच्या दुकानात ती तासभर फिरत होती. वेताची नाजूक आरामखुर्ची तिने जरा हलवून पाहिली आणि सोडून दिली. मग एका बुटक्या शिसवी कपाटावर दोन्ही हात टेकून अंगातलं सगळं बळ लावलं. कपाट जागचं हललं नाही.

"हे द्या," ती म्हणाली.

तसंच जोर लावून तिने एक खणांचं टेबल आणि उंच पाठीची एक खुर्ची निवडली. दुकानदाराला राहवेना.

"ताई, खोली लहान म्हणता आणि घेताय सगळं अवजड. जुनी वस्तू घरातल्या माणसाच्या स्वभावाला शोभली पाहिजे. घरी कोण असतं?"

"मी आणि आमचे हे."

"त्यांचा स्वभाव कसा?"

"हट्टी," ती हसली. "माझा हात काही धरायचे नाहीत."

संध्याकाळी सामान आलं. तिने ते पलंगापासून खिडकीपर्यंत ओळीने लावून घेतलं, मध्ये एकेका पावलाची जागा ठेवून. अर्धांगाच्या झटक्यानंतर सात महिने तिचा नवरा पलंगाशेजारी उभं राहण्यापलीकडे गेला नव्हता. तो उठला. त्याने टेबलाची कड धरली, मग खुर्चीची पाठ, मग कपाट. ती दारातच थांबली, पुढे झाली नाही. खिडकीचे गज हाताला लागले तेव्हा तो घामाने निथळत होता. बराच वेळ तो खालचा रस्ता पाहत राहिला.

"अगं," तो न वळताच म्हणाला, "जिन्यापर्यंत जायला अजून काय काय घ्यावं लागेल?"