साहेबरावांचं मांजर

"हे मांजर तुमचंच ना?"

फाटकाशी शेजारच्या रत्नमालाबाई उभ्या होत्या. हातात मुळासकट उपटलेली मेथीची रोपं. मधल्या भिंतीवर एक पिवळं मांजर निवांत पंजा चाटत बसलं होतं.

मांजर साहेबरावांचं नव्हतं. ते भिंतीवर ऊन खायला यायचं, एवढीच त्यांची ओळख. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. पण बायको मुक्ता गेली, मुलानं त्यांना गावाकडून आणून हर्सूलच्या या रिकाम्या घरात ठेवलं आणि तो पुण्याला निघून गेला, तेव्हापासून त्यांच्या फाटकाशी थांबून कुणी काही विचारलं नव्हतं. सकाळी दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणायचं आणि भिंतीपलीकडे बाई दिसल्याच तर 'जयभीम'. पुढचा सगळा दिवस तोंड बंद.

"व्हय," ते म्हणाले. "माझंच हाय."

"मग घाण काढायलाही तुम्हीच या."

ते खुरपं घेऊन गेले. मेथीच्या वाफ्याचा एक कोपरा उकरलेला होता. त्यांनी घाण काढली, खड्डा बुजवला, माती हातानं सारखी केली. जन्म शेतात गेलेला. मोकळ्या मातीला हात लागला तसं त्यांना बरं वाटलं. निघताना बाई म्हणाल्या, "चहा टाकलाय."

दुसऱ्या दिवशी मांजरानं पुन्हा उकरलं. नंतर रोजच. रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "साहेबराव, तुमचं मांजर!" आणि साहेबराव खुरपं घेऊन निघायचे. हाकेच्या आधीच त्यांची दाढी झालेली असायची.

बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. घरात एकट्याच. मांजरावर त्यांनी एकेक उपाय सुरू केला. संत्र्याच्या साली टाकल्या, डांबरगोळ्या टाकल्या. मग गल्लीतल्या सगळ्यांसारख्या निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, पण वाफ्याच्या अर्ध्याच भागात.

"इज्ञानाच्या बाई, अन् बाटल्या?" साहेबराव हसले.

"प्रयोग आहे. तो अर्धा भाग बिनबाटलीचा ठेवलाय. तुलना नको का करायला?"

दुसऱ्या दिवशी मांजरानं बरोबर दोन बाटल्यांच्या मध्ये उकरलं. बाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"खरा उपाय एकच," त्या म्हणाल्या. "माती ओली ठेवायची. ओल्या मातीत मांजर पाय घालत नाही. पण आपल्याकडे नळ येणार आठवड्यानं. पिऊ की वाफा भिजवू?"

"नकाच भिजवू," साहेबराव जरा घाईनंच म्हणाले.

एकदा बाईंनी विचारलं, "नाव काय हो त्याचं?"

साहेबराव गडबडले. "राणी."

"साहेबराव, तो बोका आहे."

"व्हय का? नजर लई कमी झाली माझी."

बाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठून चहाला आलं किसायला लागल्या.

माघ संपता संपता एका दुपारी साहेबरावांच्या फाटकाशी एक तरुणी आली. मागच्या गल्लीतली तनुजा. हातात झाकणाची बास्केट.

"काका, आमचा गबरू दिसला का? पिवळा बोका. ह्यांची बदली झालीय नाशिकला. ट्रक भरून उभाय आन् ह्याचाच पत्ता नाय!"

गबरू भिंतीवर झोपला होता. तिच्या आवाजानं त्यानं कान टवकारले आणि सरळ तिच्या अंगावर उडी घेतली.

"एवढासा होता तेव्हापासून आमच्याकडं हाय हा," तनुजा मोठ्यानं म्हणाली. "लई तरास दिला का तुम्हाला?"

"नाय, नाय," साहेबराव हळू आवाजात म्हणाले. त्यांनी भिंतीपलीकडे पाहिलं. नळाला पाणी आलं होतं. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून पाइपानं वाफा भिजवत होत्या. पाण्याचा आवाज मोठा होता. त्यांनी काही ऐकलं नसावं.

बास्केटचं झाकण लागलं. थोड्या वेळानं ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

संध्याकाळी साहेबरावांनी खुरपं धुऊन, पुसून खिळ्याला अडकवलं. बाईंना सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. सांगायचं तरी काय? मांजर माझं नव्हतं. आणि जे माझं नव्हतं, तेही आता नाही. भाकरी त्यांनी तशीच झाकून ठेवली.

सकाळी त्यांनी दाढी केली नाही. दूधवाला येऊन गेला. 'अर्धा लिटर' म्हणून झालं. ते दार लावून घेणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

"साहेबराव! तुमचं मांजर!"

ते तसेच उभे राहिले. मग खिळ्यावरचं खुरपं काढून, चपला न घालताच निघाले.

वाफा कालच्या पाण्यानं अजून गच्च ओला होता. मधोमध एक खड्डा. बाजूला चार रोपं उपटून पडलेली. साहेबराव उकिडवे बसले. खुरप्यानं माती वरखाली केली. पुन्हा केली.

"घाण काय दिसत नाय, बाई."

"खोल पुरली असेल. नीट शोधा. घाई काय आहे तुम्हाला?"

साहेबरावांनी मान वर केली. बाई चहाचा कप पुढे करून उभ्या होत्या. कप धरलेल्या हाताच्या पाचही नखांत ओली काळी माती होती.