मुंगीचा प्रश्न

"म्हणजे तुमची मुंगी कुणाबरोबरच जात नाही?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"कुणाबरोबर म्हणजे कुणाबरोबर नाही," बेकरीवाली म्हणाली. "सख्ख्या मावशीला शाळेच्या फाटकातून परत पाठवलं तिनं."

खोलीत हशा पिकला. खुर्च्या गोल मांडल्या होत्या आणि त्यांवर बसलेल्या सगळ्यांचीच पोरं वयाच्या मानानं फार पुढची होती. ती पलीकडच्या हॉलमध्ये खेळत होती. महिन्यातून एकदा हे आईबाप इथे जमत आणि पोरांच्या तक्रारी करत. तक्रारी कसल्या, कौतुकच ते, फक्त तोंड वाकडं करून सांगायचं. बाहेर बोललं तर लोक शेखी मिरवतात म्हणणार. इथे तसं कुणी म्हणत नसे. शिवाय इथलं बोलणं इथेच राहायचं, असा नियम होता.

बेकरीवाली सांगू लागली. नवरा परगावी नोकरीला, ही पहाटेपासून भट्टीपाशी. माहेरचं म्हणाल तर एक बहीण, भाऊ नाही. त्यामुळे पोरीला शाळेतून आणायला कधी कुणी, कधी कुणी. पण सात वर्षांच्या मुंगीनं स्वतःच कायदा केला होता. न्यायला येईल त्याला ती एक प्रश्न विचारणार. उत्तर फक्त घरच्यांना ठाऊक असणार. चुकलं, तर बाईसाहेब जागच्या हलणार नाहीत. प्रश्न दर आठवड्याला नवा. मावशीनं मागच्या आठवड्याचं उत्तर दिलं, म्हणून मावशी बाद. शेवटी हिलाच धावावं लागलं आणि भट्टीतले पाव कोळसा झाले.

हे सांगताना ती हसत होती, पण मग हसू ओसरलं. मुंगीला एकही मैत्रीण नव्हती. वर्गात ती एकटी, घरी एकटी. आईला दुसरं काही नको होतं.

"एक तरी माणूस तिला आपला वाटावा," ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

शेजारी बसलेल्या लिफ्टवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस अलीकडेच येऊ लागला होता. त्याचा मुलगा गर्दीला घाबरायचा, म्हणून तो एकटाच यायचा. खुर्च्या मांडायचा, कप उचलायचा, बोलायचा कमी. असा एखादा माणूस प्रत्येक मंडळात असला तर मंडळं टिकतात.

वातावरण फारच जड झालं, तेव्हा औषधांच्या दुकानवाल्यांनी विचारलं, या आठवड्यात काय प्रश्न आहे?

बेकरीवालीला राहवलं नाही. "आमच्या फ्रिजच्या मागे काय पडलंय?"

"आणि काय पडलंय?"

"आजीची कवळी."

सगळे पोट धरून हसले. लिफ्टवालाही हसला. तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. कुठेतरी लिफ्ट अडकल्याचं खुणेनंच सांगत तो उठला आणि दाराचा आवाजही न करता गेला. बिचाऱ्याला सुट्टीच्या दिवशीही उसंत नाही, असं कुणीतरी म्हणालं.

समुपदेशक बाईंनी मग बेकरीवालीला समजावलं. विश्वास शिकवून येत नाही, तो बसावा लागतो. मुंगी ज्या दिवशी आपणहून कुणाचा हात धरेल, त्या दिवशी तुम्ही मध्ये पडू नका. बेकरीवालीला फार हलकं वाटलं. कितीतरी दिवसांत असं कुणी आपलेपणानं बोललं नव्हतं.

बैठक संपल्यावर ती बिस्किटांचा डबा घेऊन हॉलमध्ये गेली. सगळ्या पोरांसाठी आणलेली. मुंगीचं आवडतं, जरा जास्त भाजलेलं, तिनं वेगळं कागदात गुंडाळलं होतं. पोरं बूट घालत होती. त्यांना सांभाळणारी कॉलेजातली मुलगी खेळणी गोळा करत होती. हिला बघून तिचा चेहरा खुलला.

"काकू, तुम्ही कशाला आलात? मुंगी गेली की मघाशीच."

"कुठे?"

"मामाबरोबर. मी सोडणार नव्हते हं. पण तिनं स्वतःच त्यांना प्रश्न विचारला, आणि मग मला म्हणाली, हे आपलेच आहेत. कशी हात धरून गेली, बघायला हवं होतं तुम्ही."

बेकरीवालीच्या हातातला डबा कलला.

"उत्तर काय दिलं त्यांनी?"

"तेच तर," मुलगी हसू दाबत म्हणाली. "आजीची कवळी."