बाहेरून आलेले

एकुलत्या एका लेकीला, अदीबाला, कॉलेजच्या एस्टीत बसवून गफ्फार डोणगावच्या स्टँडवर चहाला टेकला, की उकंडराव रोजचं दळण सुरू करायचे. "तुमचे लोक बाहेरून आले, अन् घरोघरी पोट्ट्याईची क्रिकेट टीम उभी केली!"

आज मधेच त्यांच्या मुलाचा, भागवतचा, कॅनडातून फोन आला. "बाबा, इथले गोरे म्हणतेत, तुम्ही लोक बाहेरून येता अन् नुसते पोट्टे वाढवता."

उकंडराव भडकले. "काऊन बे? लग्नाले नऊ वर्षं झाले, तुह्या घरी अजून पाळणा नाही हालला! कोणाच्या घरात न पाह्यता बोलतेतच कसे हे नालायक?"

फोन खिशात टाकून त्यांनी बशीतला चहा फुरकला.



"हं, तं मी काय सांगून राह्यलो होतो गफ्फारभाई, तुमच्या लोकाईचं..."