पिशवीवरचं नाव

कबर उघडली तेव्हा आर्गिरिसचं म्हणावं असं तिथे कुणीच नव्हतं. पाच वर्षं झाली की माणसाची हाडं वर काढायची, वाइनने धुवायची आणि घरी शिवलेल्या पिशवीत घालून चर्चमागच्या खोलीत ठेवायची, ही गावाची रीत. ज्याचं कुणी येत नाही, त्याची हाडं भिंतीपलीकडच्या सामाईक खड्ड्यात जातात.

गावातल्या बायका मात्र झाडून हजर होत्या. त्यांना रंग बघायचा होता. पाप्याची हाडं काळी निघतात अशी सगळ्यांची खात्री, आणि आर्गिरिसइतका पापी गावात दुसरा झाला नव्हता. लढाईच्या वर्षी त्यानेच गारिफालियाच्या मुलाला, फोतिसला, सैनिकांच्या हवाली केलं. पोराला मारून पुरलं कुठे, हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. ते न सांगताच तो मेला.

हाडं निघाली ती पिवळीधम्मक.

"मेल्याचं नशीब बघा," गारिफालियाची शेजारीण देस्पो म्हणाली. "इथेही सुटला."

पाद्रीबाबांनी प्रार्थना उरकली आणि खड्ड्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात गारिफालिया परात आणि वाइनची बाटली घेऊन पुढे आली.

देस्पोने तिचा दंड धरला. "अगं, डोकं फिरलं का तुझं? कुणाची हाडं आहेत ती?"

"माहीत आहे मला."

"माफ केलंस त्याला?" पाद्रीबाबांनी हळूच विचारलं.

"नाही जमलं, बाबा. दर रविवारी तुम्ही सांगता, प्रेम करा. ते कुठून आणू?" तिने गुडघे टेकले. "हात आहेत, ते आणलेत."

तिने आधी कवटी उचलली. माती बोटाने काढली आणि वरून वाइन सोडली. लेकराला न्हाऊ घालताना धरतात तसा कपाळाशी हात आडवा धरून. "आता तरी सांग," ती पुटपुटली. मग तिने बरगड्या धुवायला घेतल्या.

हाडं सुकली. गारिफालियाने शालीखालून पांढऱ्या पिशवीची घडी काढली. देस्पोने ती ओळखली. फोतिस कधीतरी सापडेल म्हणून एकवीस वर्षांपूर्वी शिवलेली, निळ्या दोऱ्याने त्याचं नाव भरलेली.

"ती नको गं," देस्पो म्हणाली. "उद्या सापडला तर?"

गारिफालियाने दातांनी दोऱ्याची गाठ तोडली आणि एकेक टाका उसवत नेला. निघालेला दोरा बोटाला गुंडाळून घेतला. मग पिशवीत हाडं भरली.

पाद्रीबाबांनी पिशवी चर्चमागच्या खोलीतल्या फळीवर, आर्गिरिसच्या नावाच्या चिठ्ठीशेजारी ठेवली. कापडावर दोरा उरला नव्हता. पण सुईची भोकं तशीच होती, आणि दारातून येणाऱ्या उजेडात 'फोतिस' अजून वाचता येत होतं.